चाकाखालचा दगड देव झाला

मी दगड बोलतोय. भोपाळला, अशोका गार्डनच्या एका उताराच्या गल्लीत असतो. अंगावर शेंदूर आहे, त्याकडे लक्ष देऊ नका. मी देव नाही. गाडीचं चाक अडवणारा दगड आहे.

खाणीतून घराच्या पायासाठी आलो. तिरका फुटलो होतो, म्हणून मिस्त्रीनं बाजूला फेकलं. घरमालक नीळकंठरावांनी उचललं. ते गोविंदपुऱ्यात कारखान्यात होते. गाडीचं चाक बदलायचं असलं की आधी मला लाथेनं दुसऱ्या चाकाखाली सरकवायचे, मगच जॅकला हात लावायचे. नमस्कार कधी केला नाही. कामाचा होतो, तेवढा मान पुरे.

ते गेले. गाडी मुलाकडे आली. हा अंबरीश. मोबाइलवर बघून सगळं घरीच दुरुस्त करतो. एकदा जॅकवरची गाडी हलली. मी अडवली, त्याचा पाय वाचला. त्याची आई सिंधूताई शेंदराची वाटी घेऊन धावल्या.

"देव पावला गं बाई!"

"आई, दगड आहे तो."

"जबान सांभाळ! पाय कुणी वाचवला तुझा?"

झालं. कडुनिंबाखाली माझी स्थापना झाली. रोज दिवा, वर खोबरं. माणसाची रीतच ही. कामाला आलेल्याला आधी कामावरून काढायचं, मग हार घालायचा.

यंदाच्या दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. तेवढ्यात मागचं एक चाक बसलेलं दिसलं. अंबरीशनं उतारावरच जॅक लावला. सपाट जागा समोर मोकळी होती.

त्याची बायको मंजूषा म्हणाली, "अहो, पुढच्या चाकाला तो दगड लावा ना."

"देवाला चाकाखाली घालू? आई घराबाहेर काढेल मला."

"मग वीट लावा."

"अरे यार, हँडब्रेक ओढलाय. लिंबूपण आहे."

त्या गाडीचा हँडब्रेक मागची चाकं धरतो. त्यातलं एक हवेत. लिंबाबद्दल मी काय बोलू!

मंजूषानं वाद सोडला. काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली ढकललं. एक नट घरंगळत आत गेला होता. अंबरीशनं त्यासाठी हात घातला आणि गाडी सरकली. लिंबू चिरडलं, जॅक कलंडला, गाडी धाडकन त्या आडव्या चाकावर बसली. हाताच्या वर बोटभर जागा उरली.

मी झाडाखाली खोबरं पुढ्यात घेऊन बघत होतो. एवढी लाज कधी वाटली नव्हती.

अंबरीशनं हात हळूच बाहेर ओढला. मंजूषा एवढंच म्हणाली, "वीट म्हटलं होतं मी."

आणि सिंधूताई वाटी घेऊन बाहेर आल्या.

आता ते चाक माझ्या शेजारी बसलंय. शेंदूर लावलेलं, पंक्चर तसंच. स्टेपनी गाडीला लागली, डिकी रिकामी. वाटेत पुन्हा चाक बसलं तर अंबरीशनं आरती म्हणावी.

सूनबाई, तू दिवा लावताना हात जोडत नाहीस. माझी तिरकी बाजू निरखतेस. ओळखलंय मी. सासूबाई देवळात गेल्या की घासणी घेऊन ये. हा रंग काढ. आणि सासऱ्यांसारखीच एक लाथ मारून मला चाकाखाली सरकव.