शालिकराम वकिलांचे बाकडे

मी एक जुने बाकडे आहे. मित्रांनो, अमरावतीच्या कोर्टामागच्या गल्लीत, शालिकराम वकिलांच्या कचेरीत मी चाळीस वर्षे भिंतीला टेकून उभे आहे. माझा एक पाय किंचित आखूड आहे. त्याखाली पुठ्ठ्याची घडी ठेवलेली असते, तरीही अस्वस्थ माणूस बसला की मी डुगडुगते. माणसांची भीती मला अशी पायातून कळते.

परतवाड्याच्या सुताराने मला मेळघाटच्या सागातून घडवले. मी कचेरीत आले त्याच दिवशी वकीलसाहेबांनी एक नियम घातला. जो आधी आला तो मेजाकडच्या टोकाला बसेल. त्याचे बोलणे संपून तो उठला की बाकीच्यांनी पुढे सरकायचे. आमदार आला तरी तो सरकत सरकतच मेजापाशी पोचायचा. लुगडी, धोतरे आणि विजारी घासून घासून माझी पाठ आरशासारखी गुळगुळीत झाली. साहेबांचे पहिले प्रश्नही ठरलेले असत. “नाव?” मग “बापाचं नाव?” आणि मग लेखणी उघडून, “आता पयल्यापासून सांगा.”

साहेबांची मुलगी हर्षा माझ्या दुसऱ्या टोकाला बसून पाढे पाठ करायची. पुढे ती वडिलांच्याच हाताखाली वकील झाली, नंतर न्यायाधीश झाली आणि शेवटी नागपूरला उच्च न्यायालयात गेली. तेव्हा गल्लीतली माणसे मला कौतुकाने ‘जजबाईचं बाकडं’ म्हणत. मग साहेब थकले, पक्षकार तुटले, आणि माझ्यावर रद्दीचे गठ्ठे बसू लागले.

एक पक्षकार मात्र मी विसरू शकत नाही. जीवन नावाचा कॉलेजातला पुढारी. त्याचे म्हणणे न ऐकताच त्याला जिल्ह्यातून तडीपार करण्याचा हुकूम निघाला होता. तो माझ्यावर बसला तेव्हा मी दिवसभर थरथरत होते. किल्लीच्या टोकाने त्याने नकळत माझ्या कडेवर एक खोल रेघ ओढली. त्याचा अर्ज हर्षाताईंनी लिहिला आणि हुकूम रद्द झाला. आज तोच जीवन खासदार आहे.

यंदा ताईंच्या न्यायालयात अकोल्याच्या माणिकबाईंचे प्रकरण आले. त्यांचा भाजीचा ओटा एका तोंडी आदेशावर पाडला गेला होता. ताईंनी निकाल दिला की, आधी नोटीस द्यावी, मग म्हणणे ऐकावे. त्याशिवाय सरकारने कुणाचेही घर किंवा दुकान पाडू नये. एवढ्यावरून ताईंना पदावरून काढण्याची हालचाल सुरू झाली. त्याला महाभियोग म्हणतात. लोकसभेतल्या शंभर खासदारांनी सह्या केल्या की त्याची नोटीस देता येते.

एका रविवारी सकाळी ताई कचेरीमागच्या घरी आल्या होत्या आणि जीवनभाऊ दारात उभे राहिले. साहेबांनी रद्दीचा गठ्ठा खाली ठेवला.

“ये. सरक मेजाकडं. आज तुयाच नंबर हाय.”

ते बसले. मी डुगडुगले.

“काका, ताई घरी हाय म्हनते.”

“हाय. पन भेटनार नाई. सरकारचा फेरविचाराचा अर्ज तिच्यापुढं हाय. दुसरी बाजू, माणिकबाई, इथं बसली हाय काय?”

“घरच्या मानसाले बाजू काहून लावता? शंभराले एकच सही कमी हाय, काका. सकाळपासून फोनवर फोन येऊन राहिले. ताईनं फेरविचारात जरा सैल धरलं, तर मी सही करत नाई.”

“पैसे खाल्ले तिनं?”

“छे! ताईबद्दल असं कोन म्हनन?”

“मंग?”

“सरकारचे हात बांधले म्हनतात.”

“तुयी तडीपारी रद्द झाली, तवाबी सरकारचेच हात बांधले होते, जीवन. तवा तू पेढे वाटले होते.”

आतल्या खोलीत कपबशी किणकिणली. जीवनभाऊंचे बोट त्या जुन्या रेघेवर फिरत होते. “मी नाई केली तर दुसरा करन,” ते पुटपुटले आणि वाकून नमस्कार करून निघून गेले.

ताईंनी निकालातला एक शब्दही बदलला नाही. महाभियोगाची नोटीस दिली गेली. तिच्यावर जीवनभाऊंची सही होती. पुढचे दिवस मी कसे काढले ते कुणाला सांगू? रोज सकाळी ताईंचा फोटो असलेला पेपर माझ्यावर पालथा पडे आणि त्या चेहऱ्यावर दुसऱ्या दिवशीचा पेपर येऊन पडे. मग तिघांची चौकशी समिती नेमली गेली. जर समितीने ताईंवर दोष ठेवला आणि संसदेनेही तसा ठराव केला, तर ताईंचे पद जाईल. उत्तर देण्यासाठी त्यांना मोजके दिवस मिळाले.

गेल्या शनिवारी ताई आल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यावरची रद्दी उचलली आणि लहानपणीच्या सवयीने माझ्या दूरच्या टोकाला बसल्या. मी इतके डुगडुगले की पायाखालचा पुठ्ठा सरकला.

साहेबांनी चष्मा लावला. “तिकडं काहून बसली? सरक.”

मध्ये कुणीच नव्हते, तरी ताई माझ्या अंगावरून वीत वीत सरकत मेजापाशी आल्या.

“नाव?”

“बाबा, अहो...”

“नाव?”

“हर्षा.”

“बापाचं नाव?”

ताईंना हसू फुटले. ते अर्ध्यावरच मोडले आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “शालिकराम,” त्या म्हणाल्या.

साहेबांनी तेही कागदावर लिहिले. मग ज्या आदराने ते परक्या पक्षकाराशी बोलत, त्याच आदराने त्यांनी म्हटले, “आता पयल्यापासून सांगा.”

ताई बोलू लागल्या. मध्ये कुणी बोलले नाही. समितीपुढे काय होईल ते मला ठाऊक नाही आणि ती धाकधूक अजून माझ्या आखूड पायात आहे. पण त्या दुपारी ताईंचे सांगणे संपेपर्यंत मी सगळे बळ एकवटून स्थिर उभे राहिले.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत, गावात असे एखादे बाकडे असेल. त्याच्यावर रद्दी ठेवू नका. ते रिकामे आणि पुसलेले असू द्या. त्याच्यावर कुणाला कधी बसावे लागेल, हे कुणालाच सांगता येत नाही.