दांडीचं पॉलिश

"चिकट लागतेय गं. हात पुढे सरकतच नाही," असं म्हणून मास्तरांनी गिटार मांडीवरून उतरवली आणि भिंतीला टेकवून ठेवली. आजारपणानंतर त्यांनी ती पहिल्यांदाच हातात घेतली होती. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून गिटारची तक्रार कधी ऐकली नव्हती, त्यामुळे त्यांच्या बायकोने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं.

आता हात का सरकत नव्हता, हे सांगायला काही डॉक्टर नको होता. मास्तरांचा डावा हात अर्धांगाच्या झटक्यात गेला होता. म्हणजे होता जागेवरच, खांद्यापासून लोंबत. पण बोटं अर्धवट मिटलेली, आणि उघड म्हटलं की अंगठा तेवढा जरासा हलायचा. चहाचा कप त्या हाताने उचलता येईना, तिथे तारा कुठून दाबणार! पण एवढं मोठं खरं घरात मोठ्याने कोण बोलणार? त्यापेक्षा गिटारची दांडी चिकट आहे, हे बरं होतं.

आणि दांडी चिकट होतीच. जुनं लॅकर, वर्षानुवर्षांचा घाम, त्यात वर्षभर कपाटात कोंडलेली. अंगठा लावला की सुटताना बारीक चिट्‌ असा आवाज यायचा. बायको फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशच्या खात्यात होती, निम्मी गल्ली तिला पॉलिशवालीच म्हणायची. नवऱ्याचा हात बरा करणं तिच्या हातात नव्हतं. पॉलिश होतं.

"नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय," मास्तरांची मोठी बहीण स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. ती भावाला बघायला आली होती. जिभेने तिखट, पण भावासाठी डोळ्यांत पाणी घेऊनच बोलायची. "तू कशाला त्याच्या नादी लागतेस?"

"मग मी अंगण सरळ करते, ताई," पॉलिशवाली कांदा चिरता चिरता म्हणाली. "नाचायचं की नाही ते पुढचं पुढे."

तिला काय हवं होतं ते तिने नणंदेला सांगितलं नाही. सांगून समजलं नसतं. मास्तर ऑर्केस्ट्रात वाजवायचे तेव्हा हजार माणसं टाळ्या पिटायची. ते सगळं ठीक होतं, पण ते काही तिचं नव्हतं. तिचा होता तो कामावरून आल्यानंतरचा आवाज. ती भाजी फोडणीला टाकायची, मास्तर शेजारच्या खोलीत पलंगावर बसून वाजवायचे, ॲम्प्लिफायर न लावता. इलेक्ट्रिक गिटारला वीज नसली की तिचा आवाज एवढासा होतो. भिंतीपलीकडे जात नाही, खिडकीबाहेर जात नाही. त्याच घरात असलेल्या माणसालाच तो ऐकू येतो, तोही गॅस बारीक केला तर. ती गॅस बारीक करायची. किती भाज्या त्यापायी कच्च्या राहिल्या! आता भाजी नीट शिजत होती, आणि तिला ती घशाखाली उतरत नव्हती.

एका सुट्टीच्या सकाळी तिने मागचे चार स्क्रू काढून दांडी वेगळी केली. पुढे तारा दाबायच्या पट्टीच्या बाजूला कागदी टेप चिकटवली, आणि मागचं सगळं लॅकर पात्याने खरवडलं. मग पॉलिश पेपर, आधी जाड, मग बारीक. पिवळट थराखालून फिकट, घट्ट विणीचं लाकूड निघालं. मास्तर दारात उभे राहून बघत होते. "अंगावरची साल काढल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. पण थांब मात्र म्हणाले नाहीत.

इथवर सगळं ठीक. पुढे लावायचं काय, यावर गाडी अडली.

तिने कारखान्यातून मोडक्या खुर्च्यांचे पाय आणले, दांडीसारखे अर्धगोल तासले आणि एकेका तुकड्याला एकेक फिनिश दिलं. एकाला नवं लॅकर. एकाला पीयू, काचेसारखं कडक. एकाला तेच पीयू, पण वरून बारीक स्टीलवूल मारून चमक उतरवलेलं. एकाला लाखेचं पॉलिश, कापडाच्या गोळ्याने थरावर थर. आणि एकाला नुसतं जवसाचं तेल न् मेण. हा शेवटचा तिने आपला नावापुरता केला. ज्या बाईने जन्मभर टेबलांत लोकांना तोंडं दाखवली, तिला तेल म्हणजे कामचुकारांचं पॉलिश वाटायचं.

रोज संध्याकाळी ती पलंगाच्या कडेला बसून एकेक तुकडा मास्तरांच्या डाव्या मुठीत ठेवायची आणि त्यांचा अंगठा धरून मागेपुढे फिरवायची.

"हे कसं वाटतं?"

"घसरतंय फार."

"आणि हे?"

"गार लागतं."

"लाखेचं तरी?"

"घामाने पांढरं पडेल ना?"

पडलं असतं, खरंच होतं. मास्तर प्रत्येक तुकड्यात नेमकी खोट काढायचे, आणि ती दुसऱ्या दिवशी नवा हात मारून आणायची. लग्नाची मुलगी बघतानाही कुणी एवढे नकार देत नसेल. पण गंमत अशी, की नकार ऐकून तिला वाईट वाटायचं नाही. उलट हायसं वाटायचं. फिनिश ठरलं, की दांडी बसणार; दांडी बसली, की तारा चढणार; आणि मग गिटार मांडीवर घेऊन मास्तर गप्प बसतील, त्या दिवशी चिकट म्हणायला काहीच उरणार नाही. अंगण सरळ करायला निघालेली बाई आता रोज थोडं वाकडं ठेवत होती. हे तिला पुरतं कळत होतं. मास्तरांनाही कळत असावं.

लाकडाला मात्र कुणाचं मन कळत नाही. एके दिवशी कारखान्यात ती दांडी घेऊन गेली, तेव्हा मालकांनी ती एका डोळ्यासमोर धरली, बंदुकीची नळी बघावी तशी.

"किती दिवस झाले उघडी ठेवून?"

"झाले थोडे."

"थोडे? अहो बाई, तुम्ही हे दुसऱ्याला शिकवता. कोरं लाकूड हवेतलं पाणी पितं. इथे, मधे, वाकायला लागलीये. अजून सावरेल. पण आठवडाभर अशीच ठेवलीत, तर चुलीत घाला."

तिचं तोंड उतरलं. नव्या पोरीने अशी चूक केली असती, तर तिने तिला दिवसभर झाडू मारायला लावला असता.

घरी आल्यावर तिने चपलाही काढल्या नाहीत. दांडी मास्तरांसमोर ठेवली, पाचही तुकडे ठेवले. "आज ठरवायचंच. दांडी वाकतेय."

मास्तरांनी उजव्या हाताने दांडी उचलली, डोळ्यासमोर धरून पाहिली आणि हलकेच खाली ठेवली.

"अगं, दांडी चिकट नव्हती."

"चिकट होती," ती म्हणाली. "पण हात त्यामुळे अडला नव्हता, ते माहितीय मला."

"कधीपासून?"

"तुम्ही म्हणालात तेव्हापासून."

"आणि तरी एवढी खरवडलीस?"

"मग काय करणार होते?" तिचा आवाज चढला. "दुसरं काय होतं माझ्याकडे करण्यासारखं? कान आसुसलेत माझे त्या आवाजासाठी. कुणाला सांगू? तुम्हाला सांगू?" आणि ती रडायला लागली. आजारपणात, हॉस्पिटलात, कुठेच रडली नव्हती, ते सगळं आत्ता आलं.

मास्तरांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "रोज तू मला विचारतेस, कुठलं बरं वाटतं. बोलताना तुझ्या हातात कुठला तुकडा असतो, बघितलंयस कधी?"

तिने खाली पाहिलं. तिच्या डाव्या हातात तेलाचा तुकडा होता. कधी उचलला, तिलाच ठाऊक नव्हतं. अंगठा त्याच्यावरून आपला मागेपुढे चालला होता.

"रोज तोच असतो," मास्तर म्हणाले. "तोंडाने नावं ठेवतेस आणि हाताने सोडत नाहीस. तेल लाव."

"मला कुठे वाजवायचीय?"

"छेडायला माझा उजवा आहे ना धडधाकट. दाबायला डावा पाहिजे." त्यांनी तिच्या अंगठ्याकडे बघितलं. "तुझा."

तिने तेल लावलं. पातळ, कापडाने चोळून. जास्तीचं पुसून, वाळू देऊन, पुन्हा. तेलकट चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेतो, म्हणून त्या कपड्यांच्या तारेवर पसरून वाळत घातल्या, ते बघून शेजारीण हसली. शेवटी मेण. चमक अशी आलीच नाही. कारखान्यात हे काम कुणी पास केलं नसतं.

तारा चढल्या त्या संध्याकाळी मास्तर पलंगावर बसले, गिटार मांडीवर. ती त्यांच्या डावीकडे, खांद्याला खांदा लावून. दांडी तिच्यासमोरून गेली होती. तिने तार दाबली, त्यांनी छेडली. आवाज आला तो डब्यात माशी अडकल्यासारखा.

"अजून जोरात."

बोटाला तार रुतली. दुसऱ्यांदा सूर निघाला. एकच, एवढासा, भिंतीपलीकडे न जाणारा. तो तिचा जुना आवाज नव्हता. तो आता कधी यायचा नव्हता, हे तिला त्या एका सुरात पक्कं कळलं, आणि तरी तिला अजून एक ऐकायचा होता. तिचा उजवा हात मोकळा होता आणि मास्तरांचा डावा. तिने तो आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि धरून ठेवला.

"आता पुढे सरक," मास्तर म्हणाले.

तिचा हात सरकला.