डाव्या डोळ्याची काच

मी मार्केलाच्या डाव्या डोळ्यावरची काच बोलतेय. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो, ज्याला डॉक्टर पारपटल म्हणतात, तीच मी. माझ्यापाशी आता फारसा वेळ नाही. मला कापून काढायचं ठरलं आहे आणि माझ्या जागी कुणा मेलेल्या माणसाची काच बसायची आहे.

जन्मले तेव्हा मी घड्याळाच्या काचेसारखी गुळगुळीत होते. नाकापलीकडे माझी जुळी बहीण, उजवी. आम्ही दोघींनी मिळून मार्केलाला ग्रीसमधलं तिचं खिओस बेट दाखवलं. मस्तकीची बुटकी झाडं, त्यांच्याखाली पसरलेली पांढरी माती, सालीला चीर दिली की टपकणारा डिंक. हिवाळ्यात गावातल्या बायका टेबलाभोवती बसून तो डिंक निवडतात. दाणा उजेडात धरायचा आणि सुरीच्या टोकाने साल-माती खरवडून काढायची. मार्केलाची आई स्तामाता त्यात सगळ्यांत चपळ, आणि मार्केला शाळेत असल्यापासून तिच्या शेजारी बसायची.

या कामात डोळे फार खाजतात. मार्केला मुठीने ते चोळायची, आणि उजव्या हातात सुरी असल्यामुळे डाव्या मुठीखाली मीच जास्त सापडायचे. घराण्याचा कच्चेपणा माझ्यात होताच. मी मऊ पडले, मधोमध पातळ झाले, आणि पुढे फुगत फुगत शंकूसारखी टोकदार झाले. समोर एक दिवा असला तर मी तिला चार दाखवू लागले. मग दाणा बघताना ती डावा डोळा मिटूनच घ्यायला लागली.

"कुणाला डोळा मारतेस गं? इथे तर सगळ्या बायकाच," शेजारची प्लुमू मावशी चिडवायची.

"आमच्या सासूबाईंची सवय आहे ती," स्तामाता कौतुकाने सांगायची. "अर्गेंतूबाई अश्शाच एक डोळा मिटून निवडायच्या. रक्तच आहे ते."

त्याच अर्गेंतूबाईंना शेवटी ताटातला पाव हाताने चाचपडावा लागत होता, हे मात्र कुणी बोलत नसे. वय झालं, म्हणून सोडून दिलं होतं. मला राग येतो तो याचाच.

एका हिवाळ्यात उजव्या डोळ्यात सालीचं कुसळ गेलं. त्यावर पट्टी बांधून मार्केला हट्टाने कामाला बसली. आता सगळी भिस्त माझ्यावर, आणि माझ्यातून सुरीचं टोकच दिसेना. अंगठा चिरला. स्तामाताने घाईघाईने पाण्याच्या वाटीत तेलाचे थेंब सोडले. ते पसरले, तशी "दृष्ट लागली आहे माझ्या पोरीला," म्हणून तिने मंत्र पुटपुटला आणि ती मोकळी झाली. पट्टी निघाली, उजवी पुन्हा काम करू लागली, आणि माझं नावही कुणी काढलं नाही.

पुढे उजवीही धूसर दाखवायला लागली, तेव्हा कुठे मायलेकी बोटीने अथेन्सला गेल्या. डॉक्टर व्रेत्तोस यांनी मार्केलाच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि विचारलं, "माझी बोटं किती?" मार्केलाला सांगता येईना. मग त्यांनी यंत्रावर आम्हा दोघींचे चढउतार मोजले.

"उजव्याची सुरुवात आहे, तो वाचेल," ते म्हणाले. "लेझरने वरचा उंचसखलपणा थोडासा घासायचा. मग लगेच पिवळे थेंब घालून त्यावर अतिनील किरण सोडायचे. लेझरने आकार येतो, किरणांनी तो घट्ट बसतो. नुसतं घासलं तर काच आणखी कमजोर होईल, आणि नुसतं घट्ट केलं तर वाकडी ती वाकडीच राहील."

"आणि डावा?"

"त्यात घासायला काही उरलेलंच नाही, पोरी. आधी यायला हवं होतं." मग स्तामाताकडे वळून म्हणाले, "घरात आणखी मुलं असतील तर त्यांचेही डोळे दाखवून जा."

उजवीवर दोन्ही उपचार एकाच बैठकीत झाले. नंतरचे दिवस वाईट गेले. मार्केला अंधाऱ्या खोलीत उशी चावत पडून असायची. पण काही महिन्यांनी चष्म्यातून उजवीला दाणा नीट दिसू लागला. मला आनंद झाला आणि हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू?

मार्केलाची धाकटी बहीण इसिदोरा मात्र घरीच राहिली. मार्केला मागे लागली, की स्तामाता फटकारायची, "एकीचं झालं तेवढं बास. धाकटीलाही रोगी ठरवतेस? गावात तोंडं काय कमी आहेत?"

परवा सगळ्या निवडायला बसल्या होत्या. इसिदोराने दाणा उजेडात धरला आणि डावा डोळा मिटला.

"बघा, आल्या अर्गेंतूबाई," प्लुमू मावशी म्हणाली. सगळ्या हसल्या, स्तामाताही हसली.

मार्केला उठली. बहिणीच्या उजव्या डोळ्यावर तिने आपला तळहात ठेवला आणि दुसरा हात तिच्यापुढे उघडला.

"किती दाणे आहेत?"

"ताई, काय खेळ लावलायस?"

"सांग ना."

"तीन," इसिदोरा म्हणाली. मग पुढे वाकून, "नाही, चार."

मार्केलाच्या हातावर एकच दाणा होता. स्तामाताने तो पाहिला, आणि तिच्या हातातली सुरी टेबलावर पडली.

माझं आता काही व्हायचं नाही. बाई स्तामाता, मला जाऊ दे, पण उद्याच्या बोटीने हिला घेऊन जा.