मी जोरावर, बिननावाच्या चिमणीचा राखणदार

मी जोरावर बोलतोय. नाव ऐकून कुणी दचकू नये, कारण मिक्सर सुरू झाला की मी पलंगाखाली असतो. मी मातकट रंगाचा, एक कान पडलेला साधा कुत्रा आहे आणि संशय हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

बंदराच्या धक्क्यावर, दोरखंडांच्या ढिगाखाली माझा जन्म झाला. भावंडांत सगळ्यांत मरतुकडा मीच. आई बाकीच्यांना एकेक करून तोंडात धरून घेऊन गेली, माझ्यासाठी काही परतली नाही. शेवटी क्रेन चालवणाऱ्या एका माणसाने मला आपल्या हेल्मेटमध्ये घालून घरी आणलं.

"हा काही जगत नाही," शेजारी म्हणाला.

"न जगायला काय झालं? याचं नाव जोरावर!"

मी जगलो. आणि क्रेनवाल्याच्या डोक्यात पक्कं बसलं, की मी नावामुळे जगलो.

त्याची बायको कुलपांच्या दुकानात किल्ल्या बनवून द्यायची. कुणी डुप्लिकेट किल्ली मागितली, की ती आधी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची. "घर तुमचंच कशावरून?" गिऱ्हाईक चिडलं तरी त्याचं उत्तर ऐकल्याशिवाय हिचं मशीन सुरू व्हायचं नाही. त्यामुळे आमचं दोघांचं पहिल्या दिवसापासून जमलं.

एकच गोष्ट मला खटकायची. आतली छोटी खोली कायम बंद. दाराच्या फटीतून पावडरचा जुना, शिळा वास यायचा. मी तिथे गुरगुरलो की ती मला दटावायची नाही, नुसती दुसरीकडे बघायची. जिच्या हातून गावभरची कुलपं उघडतात, तिच्याच घरात एक दार उघडत नाही म्हणजे काय?

मग तिचं पोट दिसू लागलं आणि क्रेनवाल्याला नवीनच खूळ लागलं. धक्क्यावर देशोदेशीची जहाजं लागत. हा प्रत्येक खलाशाला गाठून विचारायचा, तुमच्याकडे बळ, ताकद असा अर्थ असलेलं नाव कोणतं? संध्याकाळी बूट काढायच्या आधी दारातूनच ओरडायचा.

"ताकेशी! म्हणजे शूर, दणकट!"

"कशावरून?" आतून प्रश्न यायचा.

"अगं, जपानी खलाशाने सांगितलं."

"त्याने तुझी चेष्टा केली असेल. त्या शब्दाचा अर्थ खेकडा असला तर?"

दुसऱ्या दिवशी हा दुसऱ्या खलाशाकडून खात्री करून यायचा. ती म्हणायची, "एकाच बोटीवरचे ना दोघं? संगनमत असणार."

मला वेगळीच शंका. मातिल्डा, व्हॅलेंटिना, अझीज... प्रत्येक नाव तो अगदी मला हाक मारावी तशा आवाजात म्हणायचा. मी उठायचो, शेपूट हलवायचो, आणि त्याचं लक्षच नसायचं. बळाचं नाव असलेला एक जण घरात असताना दुसरा कशाला हवा? मी गेटकडे नजर ठेवू लागलो.

बाळ फार लवकर आलं. मुलगी. मायलेकी दवाखान्यात, घरी मी आणि क्रेनवाल्याची आई, म्हणजे तिच्या सासूबाई. क्रेनवाला कपडे न्यायला येई, माझ्याशेजारी जमिनीवर बसे आणि नावं पुटपुटत राही. "जोऱ्या, यातलं कोणतं धरून ठेवेल रे तिला?" त्याच्या हाताला औषधाचा वास यायचा. त्या वासावर माझा मुळीच विश्वास नव्हता.

बऱ्याच दिवसांनी ती बाळाला घेऊन घरी आली. मुठीएवढा जीव. नाव ठेवलेलंच नव्हतं. तिच्या आईने ठेवू दिलं नव्हतं. सगळे नुसतं चिमणी म्हणायचे.

एका दुपारी सासूबाई किंचाळल्या. चिमणीच्या गालावर लालभडक ओरखडा. सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या.

"मी आधीपासून सांगत होते," सासूबाई म्हणाल्या. "याला आजच धक्क्यावर सोडून ये."

क्रेनवाल्याने पट्टा हातात घेतला. माझ्या नजरेला नजर काही देईना. मी पलंगाखाली गेलो आणि मिक्सर चालू नसतानाही थरथरत राहिलो.

"जोऱ्यानेच केलं, कशावरून?" चिमणीची आई म्हणाली.

तिने माझा पंजा ओढून हातात घेतला, नखं पाहिली. मग ओरखड्याकडे पाहिलं, केसासारखा बारीक. "पट्टा खाली ठेव," ती म्हणाली आणि बाळासमोर मांडी घालून बसली. बसूनच राहिली. चहा गार झाला. चिमणी जागी झाली, भुकेने लाल झाली, आणि इवल्याशा मुठी उघडून तिने स्वतःच्याच गालावरून नखं फर्रकन ओढली.

सासूबाई नेलकटर शोधायला गेल्या.

"बघितलंस हिच्या हातात किती जोर आहे?" ती म्हणाली. तिने ती मूठ आपल्या हातात धरली. "तू तो जगभरातून गोळा करत फिरतोयस."

"नावात असला तर बिघडतं कुठे? जोऱ्या जगलाच ना?"

"जोऱ्या जगला, कारण तू घरी राहून त्याला कापसाच्या बोळ्याने दूध पाजत होतास." ती बंद दाराकडे वळली. "आणि आपल्या पहिल्या बाळाचं काय? त्याच्याही नावाचा अर्थ बळच होता. नावाने थांबवलं का त्याला?"

तेव्हा मला त्या खोलीचा वास कळला.

क्रेनवाला तिच्याशेजारी जमिनीवर बसला. "मला वाटलं होतं, तू त्याला विसरायला बघतेस," तो म्हणाला. "म्हणून ते दार बंद."

"आणि मला वाटलं, तू ही सगळी नावं त्याच्या नावावर रचतोयस. ते ऐकू येऊ नये म्हणून."

"नाही गं. प्रत्येक नाव उच्चारताना मला तेच ऐकू येतं."

मग त्याने ते नाव घेतलं. या घरात मी ते पहिल्यांदाच ऐकलं. तिने ते पुन्हा म्हटलं, आणि दोघं एकमेकांना धरून खूप रडले. संध्याकाळी तिने छोट्या खोलीचं दार उघडलं. मी आत जाऊन कानाकोपरा हुंगला. लपून बसलेलं कुणी नव्हतं. एक खिडकी होती, चांगली उन्हाची.

चिमणी आता त्याच खोलीत झोपते. माझा पडका कान धरून उभी राहायला शिकली, आता गल्लीभर पळते. तिला नाव मिळालंय. त्याचा अर्थ काय, हे तिच्या आईने कुणालाच विचारू दिलं नाही. कानाला गोड वाटलं म्हणून ठेवलं. क्रेनवाला ते खणखणीत आवाजात हाकारतो, आणि कधीतरी जेवताना पहिल्याचं नावही हलकेच निघतं.

माझी नजर हल्ली अधू झालीय. मागच्या पायांत पूर्वीची ताकद नाही. फार दिवस पहारा होईल असं वाटत नाही. माझ्यानंतर या घरात कुणी चारपायी आला, तर त्याला एवढंच सांगा, ओरखड्याची शहानिशा होईपर्यंत पळून जाऊ नकोस.

काय म्हणता, पहिल्याचं आणि चिमणीचं नाव सांगू? तुम्ही भले दिसता. इतका वेळ शांतपणे ऐकलंतही. पण माफ करा, तुमचा वास मला अजून नीट कळलेला नाही. दोन पावलं मागे सरका बघू. आत ती झोपली आहे.