बाराशे कानांसमोर मागितलेली माफी

हॅलो, हॅलो... दचकू नका. आज मला कुणी फुंकर मारलेली नाही, टिचकीही नाही. मी शाळेचा माइक, आज आपणहूनच बोलतोय.

माझा जन्म कारखान्यातला. लांब टेबलापाशी बसलेल्या एका बाईंनी केसाएवढ्या बारीक तारा माझ्या पोटात जोडल्या, वर जाळीची टोपी चढवली आणि म्हणाल्या, "जा, बोल आता." माझ्या नशिबी बोलणं नाही, दुसऱ्याचं बोलणं मोठं करणं आहे, हे त्या माउलीला काय ठाऊक!

शाळेत येऊन अकरा वर्षं झाली. माणसांचे नमुने बघावेत तर माझ्या जागी उभं राहून. कुणी मला कणसासारखं तोंडाशी धरतं, कुणी हातभर लांबून पुटपुटतं. "दोनच शब्द बोलतो" म्हणणारा पाहुणा अर्धा तास हलत नाही. हे सगळं मी गोड मानून घेतलं. एक सकाळ मात्र फार जड गेली.

आमच्या आठवीत एक मुलगी आहे. इतकी बोलते, की मैत्रिणी तिला चिवचिव म्हणतात. तिचे पणजोबा समुद्रापलीकडून इथे कामाला आले आणि इथलेच झाले. आई शहराची बस चालवते. चार पिढ्या इथे गेल्या, तरी तिचा रंग आणि केस बघून काहींच्या जिभेला खाज सुटतेच. एकदा मैदानावर दोन मुलांनी तिला उद्देशून एक शब्द वापरला. तिच्या साऱ्या वंशाला चिखलात लोळवणारा. तो मी तुम्हाला सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला खेळाचे सर माझ्यासमोर आले. गळ्यातल्या शिट्टीमुळे सगळे त्यांना शिट्टी सर म्हणतात. माणूस दिलदार, आणि त्या दिवशी खरोखर संतापलेला. पण संतापाच्या भरात त्यांनी तो शब्द जसाच्या तसा उच्चारला. "असं म्हणणं शोभतं का?" असं विचारताना पुन्हा. मग तिसऱ्यांदा, आणखी ठासून. मी काय करणार? आलं ते मोठं केलं, पार फाटकाबाहेरच्या रस्त्यापर्यंत. पहिलीतल्या एका पोराने शेजारच्याला विचारलं, "म्हणजे काय रे?" मागे कुणीतरी खिदळलं. चिवचिव वाकून बुटाची नाडी बांधत राहिली. नाडी सुटलेली नव्हतीच.

त्यानंतर ती शाळेत येईना. चौथ्या दिवशी तिची आई कामाच्या गणवेशातच मुख्याध्यापिकांच्या, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंच्या खोलीत आली. शिट्टी सरांनाही बोलावून घेतलं होतं. माझा मुक्काम तिथल्याच कपाटावर असतो, म्हणून सगळं ऐकलं.

"सर मनाने वाईट नाहीत हो," मोठ्या बाई म्हणाल्या. "ते तर तिच्याच बाजूने बोलत होते."

"तेच तर, ताई," सर म्हणाले. "मी फक्त एवढंच म्हटलं, की त्या पोरांनी हिला..." आणि सरांनी तो शब्द चौथ्यांदा उच्चारला.

आई उठून उभी राहिली. आवाज चढवला नाही. "सर, तोवर तो शब्द दोन पोरांच्या तोंडात होता. तुमच्यामुळे आता सहाशे पोरांच्या तोंडात आहे. काल आमच्या गल्लीतलं पहिलीचं पोर माझ्या लेकीला त्याच शब्दाने हाक मारून पळालं. त्याला शिकवलं कुणी?"

सरांचा चेहरा पडला. मला वाटलं, आता 'झालं गेलं विसरून जा' होणार. या खोलीत ते मी पुष्कळदा ऐकलंय. पण मोठ्या बाई म्हणाल्या, "चूक एकट्या सरांची नाही. मी शेजारीच उभी होते. माइक बंद करायला हात पुढे झाला नाही माझा. तुमच्या लेकीला काय हवंय, ते आधी ऐकू द्या."

दुसऱ्या दिवशी लेक आली. खाली बघत, पण स्पष्ट बोलली. "जिथे सगळ्यांनी ऐकलं, तिथेच माफी मागा. मला पुढे उभं करू नका. आणि माफी मागताना तो शब्द पुन्हा म्हणू नका."

त्या आठवड्यात मोठ्या बाईंनी पदर खोचला. सरांना लेखी ताकीद दिली, तिचा वर्ग आणि परिपाठ त्यांच्याकडून काढला. त्या दोन मुलांना आईबापांसह बोलावलं. मग शिक्षक, कारकून, शिपाईमामा, सगळ्यांना दोन दुपारी एकत्र बसवलं. नियम ठरला: असं काही घडलं, की आधी ज्याला लागलं त्या मुलाची विचारपूस करायची, शब्दाची नोंद बंद पाकिटात जाईल, तोंडात येणार नाही.

"आता तोंड उघडायचीही चोरी!" गणिताचे सर कुरकुरले.

"उघडा की," मोठ्या बाई म्हणाल्या. "एक शब्द वगळला तर भाषेला काही दुष्काळ पडत नाही."

सोमवारी शिट्टी सर माझ्यासमोर आले. हातात लिहून आणलेला कागद होता. तो न वाचताच त्यांनी खिशात घातला.

"मी चुकलो. माझा हेतू चांगला होता, हे मी चार दिवस सगळ्यांना सांगत फिरलो. लागलं कुणाला, हे विचारायला एकदाही गेलो नाही. तो शब्द मी तुमच्या कानांवर घातला. तो तुमच्या तोंडी येऊ नये, म्हणून आता झटेन."

मग मोठ्या बाईंनीही माफी मागितली. टाळ्या वाजल्या नाहीत. सातव्या रांगेत चिवचिव मान वर करून उभी होती.

चार महिन्यांनी तपासणीला साहेब आले. माझ्यासमोरच हसत म्हणाले, "ते तुमच्याकडचं प्रकरण..." आणि तो शब्द ओठांवर येतो न येतो, तोच शिट्टी सरांनी मला तळहाताने झाकलं. "साहेब, तो इथे कुणी उच्चारत नाही. प्रकरण त्याच्याशिवायही सांगता येतं." साहेब गोरेमोरे झाले, मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

आणि क्रीडादिन! रिलेचं वर्णन कोण करणार, असं विचारताच आठवीच्या रांगेतून एक हात ताडकन वर आला. चिवचिवने मला उचललं आणि काय सुटली म्हणता! धावणारे मागे, हिची जीभ पुढे. "निळ्या संघाचा बॅटन पडला, उचलला, अहो हा तर दुसरा आला!" सगळं मैदान उभं राहून ओरडत होतं. कुंपणापाशी तिची आई दोन्ही हात वर करून नाचत होती. अकरा वर्षांत मी इतका आनंद कधी मोठा केला नव्हता.

आता माझी वायर चिकटपट्टीवर जगतेय, आवाजही जरा घोगरा झालाय. तरी रोज सकाळी उभा असतो. कधी माझ्यासमोर आलात, तर खुशाल फुंकर मारा, टिचकी मारा. फक्त तोंड उघडण्याआधी समोरच्या गर्दीवर एकदा नजर फिरवा. तुमचा शब्द ज्याला लागेल, तो बहुधा तिथेच कुठेतरी उभा असतो. बाकी बिनधास्त बोला. पोचवायला मी आहे.