मी दीपश्रीच्या स्थळांचा फोल्डर

मी एक फोल्डर बोलतोय. हुबळीत, उणकलच्या एका नव्या घरातल्या कॉम्प्युटरवर २००३ साली माझा जन्म झाला. दिसायला मी इतर फोल्डरांसारखाच पिवळा, पण माझ्या पोटात स्वतःचं असं काही नव्हतं. मला उघडलं की मी टेलिफोनच्या लाइनीवरून एका वधूवर मंडळाच्या वेबसाइटकडे धावायचो आणि तिथली मुलं फाइली म्हणून समोर मांडायचो.

मला घडवलं श्रीनिधीनं. त्याचे मामा मुकुंदराव वकील. लेक दीपश्रीसाठी स्थळं बघत होते, पण वेबसाइट दिसली की त्यांना घाम फुटायचा. फाइली मात्र त्यांच्या रोजच्या सवयीच्या.

"मामा, फाइल 'होकार'मध्ये टाकली की होकार जातो, 'नकार'मध्ये टाकली की नकार. झालं!"

"आणि 'कळवतो' कुठाय?"

मुलीचा बाप एकदम नाही म्हणत नाही, आणि एकदम हो तर मुळीच म्हणत नाही, हे वेबसाइटला कुठलं ठाऊक! मामांनी माझ्यात स्वतःच 'कळवतो' नावाचा कप्पा करून पाहिला. मी वेबसाइटला विचारलं. ती म्हणाली, असलं काही आमच्याकडे नसतं. मी तसं सांगितलं, तर वकीलसाहेब माझ्यावरच भडकले. निरोप्याला कोण विचारतो!

शेवटी श्रीनिधीनं तो कप्पा घरच्या घरी करून दिला. त्यात काय पडलं ते बाहेर कुणाला कळत नसे. मग काय विचारता! मुलं भराभर तिथं जाऊन पडू लागली. "नोडोण, बघू या," म्हणत मुकुंदराव प्रत्येकाला पुढची तारीख देत.

त्यांत बेळगावचा प्रभंजन होता. त्यानं स्वतःच्या माहितीत लिहिलं होतं, "केस फोटोतल्यापेक्षा कमी आहेत." दीपश्री ते वाचून हसली. दुसऱ्या दिवशी ती फाइल पुन्हा उघडून पुन्हा हसली. घरात सगळ्यांच्या आधी मला कळलं, आणि मला फार आनंद झाला.

काही महिन्यांनी मी त्याचा निरोप आणला. "हो किंवा नाही, काहीही चालेल. उत्तर आलं नाही, तर रविवारी दुसरीकडे मुलगी बघायला जातोय."

दीपश्रीनं तो वडिलांना दाखवला. "नोडोण," म्हणून ते कोर्टात गेले.

तिनं फाइल उचलली आणि सरळ 'होकार'मध्ये टाकली.

"अगं, अप्पांना विचारलंस का?" तिची आई वेणूबाई ओरडल्या.

"त्यांना कळवते," दीपश्री म्हणाली.

वेणूबाईंनी कोर्टात फोन लावायला रिसीव्हर उचलला. तो उचलला की माझी लाइन तुटायची. मी जिवाच्या आकांतानं पळालो. लाइन तुटली खरी, पण तोवर होकार पोचला होता.

लग्नात मुकुंदराव सगळ्यांना सांगत होते, "पाहताक्षणीच मी हे स्थळ पक्कं केलं होतं!"

पुढे ती वेबसाइट बदलली आणि माझी वाट बंद झाली. आता मला उघडलंत तर 'होकार' रिकामा, 'नकार' रिकामा. 'कळवतो' तेवढा भरलेला, कारण तो घरचाच. ती मुलं अजून तिथं ताटकळत बसली आहेत. एव्हाना त्यांना टक्कल पडलं असेल, पोरंबाळं झाली असतील, पण या घरातून त्यांना उत्तर काही गेलेलं नाही. मला त्यांच्याकडे बघवत नाही. माझ्या हातात असतं तर एकेकाला जाऊन सांगितलं असतं, की बाबा रे, इथलं लग्न केव्हाच झालं, तू ऊठ आता.