उतरवलेली पट्टी

मित्रांनो, मी एकसष्ट पट्ट्यांचा जुना कीबोर्ड. वय विचारू नका. मधल्या पट्ट्या पिवळ्या पडल्यात, त्यावरून काय ते ओळखा. आज मला तुमच्यापुढे कबुली द्यायची आहे. मी खोटं वाजलो, आणि तेही तब्बल दीड वर्ष.

कारखान्यात एका बाईंनी माझा एकेक सूर तपासून मला पास केलं होतं. केवढा फुगलो होतो मी! पुढे शाळेतल्या एका संगीत शिक्षकांनी, आमच्या सरांनी, मला घरी आणलं. त्यांची लेक तेव्हा सहा वर्षांची होती. घरात तिला छकी म्हणत. टाचा उंच करून ती माझ्या पट्ट्या दाबायची आणि निघेल त्या सुरात सूर मिसळायची.

गाणाऱ्याचा सा जिथे बसतो, ती त्याची पट्टी. छकीची पट्टी काळी पाच, म्हणजे पाच काळ्यांतली शेवटची. भल्याभल्यांना ती झेपत नाही. एकोणिसाव्या वर्षी छकीने त्याच पट्टीत टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा जिंकली. सूत्रसंचालकाने तिला 'काळी पाचची राणी' म्हटलं आणि ते नाव तिला चिकटलं. एका नावाजलेल्या संगीतकारांनी चित्रपटातलं गाणं देण्याचा शब्द दिला.

पहिलं वर्ष त्या गाण्याची वाट बघण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी नवा विजेता आला आणि छकीचा फोन गप्प झाला. मग ती दुकानांच्या उद्घाटनांना, लग्नांना गाऊ लागली. जिथे जाईल तिथे तेच जिंकलेलं गाणं आणि तीच पट्टी, मग सर्दी असो की ताप. घशाच्या डॉक्टरांना स्वरतंतूंवर गाठ दिसली. त्यांनी दोन महिने तोंड बंद ठेवायला सांगितलं.

"दोन महिन्यांत लोक मला साफ विसरतील," छकी म्हणाली. नऊ दिवस कशीबशी गप्प राहिली आणि दहाव्या दिवशी गायला गेली.

त्यानंतर वरचा सा आला की तिचा आवाज फाटायचा. ती उठून न्हाणीघरात जायची आणि नळ सोडून रडायची. बाहेर माझ्यासमोर बसलेल्या सरांना सगळं ऐकू यायचं.

माझ्या अंगावर एक बटण आहे. ते दाबलं की बोटं काळी पाचवरच राहतात, पण सूर खालचा निघतो. किती खालचा, तो आकडा पडद्यावर दिसतो. एका दुपारी सरांनी उणे दोन केलं आणि पडद्यावर चिकटपट्टी लावली. "पडदा गेला बिचाऱ्याचा," त्यांनी लेकीला सांगितलं. त्या दिवशी छकी न अडखळता गायली.

"बाबा, आला हो माझा आवाज परत!"

सर नुसते हसले. आईने कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण केलं. मला लाज वाटत होती, पण घर हसताना बघून बरंही वाटत होतं. कार्यक्रमांना साथीला मी एकटाच असायचो, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. सहा महिन्यांनी उणे दोनचं उणे चार झालं, म्हणजे बोटं काळी पाचवर आणि सूर काळी तीनचा.

आणि एक दिवस त्या संगीतकारांना आपला शब्द आठवला. त्यांच्या मदतनिसाचा फोन आला. पट्टी कोणती ठेवू, तुम्हाला सोयीची सांगा, तसा ट्रॅक बनवतो, असं तो म्हणाला.

"काळी पाच. अगदी आरामात," छकी म्हणाली.

सर तेव्हा मला पुसत होते. त्यांचा हात थांबला. पुढचे चार दिवस ते रोज सकाळी तिच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे आणि तसेच मागे फिरायचे.

स्टुडिओत बाहेरच्या खोलीत माझ्यावर तिने गळा तापवला, अर्थात उणे चारवर. मग ती आत गेली. ट्रॅक सुरू झाला आणि पहिल्याच ओळीला ती दचकली. वरच्या ओळीत आवाज फाटला. दुसऱ्यांदा फाटला. तिसऱ्यांदा आवाजच आला नाही. संगीतकार चांगले होते. "कळवतो," एवढंच म्हणाले.

ती बाहेर आली. तिने माझी काळी पाच दाबली आणि ऐकत राहिली. मग चिकटपट्टी ओढून काढली. पडद्यावर उणे चार दिसत होतं.

"किती दिवस, बाबा?"

"दीड वर्ष."

"त्यांनी सोयीची पट्टी विचारली होती. काळी तीन सांगितली असती, तर मी गायले असते ना हो."



याला आता सात महिने झाले. छकी गात नाही, गुणगुणतही नाही. सर तिच्यापुढे गाण्याचं नाव काढत नाहीत. काळी तीनमध्ये तिचं गाणं किती गोड लागतं, हे ठाऊक आहे ते आम्हा दोघांनाच. ते बोलायला धजत नाहीत आणि मला बोलता येत नाही. मित्रांनो, तुम्हाला बोलता येतं. तुमच्या घरात कुणाचा आवाज उतरला असेल, तर त्याला प्रेमाने, पण वेळेवर सांगा. आणि छकी कुठे भेटलीच, तर तिला म्हणा, बाई गं, खालच्या पट्टीतलं गाणंही गाणंच असतं, तेवढं गा.